रक्त थांबल्यानंतरचे चौदा दिवस

(रुग्णालयाच्या वर्धापनदिन समारंभात प्रशासनाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या प्रसंगी प्रशासनाच्या वतीने आम्ही आपणांसमोर जमाखर्चाचा आढावा ठेवीत असतो. ते सर्व आकडे अहवालाच्या पुढील पानांवर छापलेले आहेतच. यंदा अध्यक्षांच्या अनुमतीने आम्ही एका प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न करणार आहोत. तो प्रश्न आम्हांला एका भगिनीने विचारला होता आणि त्या वेळी आमच्याजवळ त्याचे उत्तर नव्हते.

अर्जुनी मोरगाव तालुक्यातील एक ५५ वर्षांचे शेतकरी रोवणीच्या दिवसांत बांधीत काम करीत असता कोसळले. उजवा हात आणि पाय लुळा पडला, वाचा गेली. आपल्या रुग्णालयात त्यांचा सीटी स्कॅन झाला आणि मेंदूत रक्तस्राव झाल्याचे निष्पन्न झाले. रक्तदाब फार चढलेला होता. औषधांनी तो आटोक्यात आला. दुसऱ्या दिवशीच्या स्कॅनमध्ये रक्ताची गाठ वाढलेली नव्हती. चौथ्या दिवशी ते डोळे उघडून घरची माणसे ओळखू लागले. नातेवाइकांनी विचार केला : रक्त थांबले आहे, बिल वाढत आहे, शेतात रोवणी खोळंबली आहे, आता घरी नेऊ. डॉक्टरांनी आणखी काही दिवस ठेवण्याचा सल्ला दिला होता, परंतु तो कशासाठी, हे कोणी बसून समजावून सांगितले नाही. रुग्णास स्वेच्छेने नेत असल्याच्या अर्जावर मुलाने सही केली. त्याखाली आमची सही आहे.

आठव्या दिवशी घरी त्यांना गुंगी येऊ लागली. नातेवाइकांनी थेट नागपूर गाठले. तेथील स्कॅनमध्ये गाठ पूर्वीएवढीच होती, तिच्या भोवतीची सूज मात्र पुष्कळ वाढली होती. दोन दिवसांनी ते गेले.

महिनाभराने त्यांच्या पत्नी कागदपत्रांच्या प्रती घेण्यासाठी आमच्या कार्यालयात आल्या. प्रती हातात घेऊन त्या क्षणभर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “रगत तं थांबलं होतं ना जी, मंग असं कसं झालं?”

आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. वैद्यकशास्त्र हा आमचा विषय नव्हे. “डॉक्टरांना विचारून सांगतो,” एवढेच आम्ही बोललो. त्यानंतर आमच्या डॉक्टरांना आम्ही खरोखरच विचारले, त्यांनी सुचविलेले वाचले आणि न समजलेले पुन्हा विचारले. जे समजले ते साध्या शब्दांत आज आपणांसमोर मांडीत आहोत.

ज्याला आपण लकवा किंवा पक्षाघात म्हणतो तो मुख्यतः दोन प्रकारांनी होतो. एका प्रकारात मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद होते. दुसऱ्यात ती फुटते आणि रक्त मेंदूच्या पेशींमध्ये उतरते. बाहेरून दोन्ही रुग्ण सारखेच दिसतात. कोणता प्रकार आहे, हे स्कॅनशिवाय खात्रीने सांगता येत नाही. रक्तस्रावाचे सर्वांत मोठे कारण म्हणजे वर्षानुवर्षे दुर्लक्षित राहिलेला उच्च रक्तदाब. आपल्या भागात आणखी दोन कारणे विसरता येत नाहीत. सिकलसेलच्या तरुण रुग्णांत मेंदूतील रक्तस्राव संभवतो, आणि घोणस चावल्यावर रक्त गोठण्याची क्रिया बिघडून तो क्वचित मेंदूतही होतो.

रक्त बाहेर आल्यावर पुढे काय घडते, हे समजण्यासाठी आपल्या जिल्ह्यातील माणसाला लांब जावे लागत नाही. मालगुजारी तलावाची पाळ फुटली की पाण्याचा लोंढा समोरच्या बांध्यांतील धान आडवा करतो. हे झाले पहिले नुकसान. मग गाव फावडी-घमेली घेऊन धावते. खिंडार बुजविण्याच्या घाईत चांगल्या उभ्या धानातूनही माणसे धावतात आणि तोही तुडविला जातो. हे दुसरे नुकसान. पाणी ओसरल्यावर बांध्यांत गाळ उरतो, आणि तो उपसण्याचे काम पुढे कित्येक आठवडे चालते. धान तुडविणारी आणि गाळ उपसणारी माणसे एकच असतात. मेंदूतही साधारण असेच होते.

मेंदूतील ही धावून येणारी माणसे म्हणजे मायक्रोग्लिया नावाच्या पेशी. स्पेनमधील शास्त्रज्ञ पिओ देल रिओ-ऑर्तेगा यांनी १९१९ साली चांदीच्या क्षारांनी पेशी रंगवून त्या वेगळ्या ओळखून दाखविल्या आणि त्यांना हे नाव दिले. स्थूलमानाने मेंदूतील दर दहा पेशींपैकी एक या जातीची असते. रक्तातील पांढऱ्या पेशी अस्थिमज्जेतून सतत नव्याने तयार होतात. मायक्रोग्लियाचे तसे नाही. गर्भ अगदी सुरुवातीच्या अवस्थेत असताना पीतक कोशातून निघालेल्या पेशी मेंदूत येतात आणि तेथेच कायमची वस्ती करतात, हे २०१० साली उंदरांवरील संशोधनाने स्पष्ट झाले. थोडक्यात, या पेशी मेंदूच्या मूळ रहिवासी आहेत.

काही दुखापत नसताना या पेशी स्वस्थ बसलेल्या असतात, असा पूर्वी समज होता. २००५ साली जर्मनीतील संशोधकांनी जिवंत उंदराच्या मेंदूत विशेष सूक्ष्मदर्शकातून पाहिले, तेव्हा वेगळेच चित्र दिसले. पेशीचा देह जागेवर असतो, परंतु तिच्या बारीक फांद्या आजूबाजूचा प्रदेश सतत चाचपीत असतात. संशोधकांनी लेसर किरणाने एक सूक्ष्म रक्तवाहिनी फोडली, तेव्हा काही मिनिटांतच शेजारच्या पेशींच्या फांद्या त्या जागेकडे वळल्या. पहारा अखंड चालू होता.

आता रक्तस्रावानंतरचा घटनाक्रम पाहू. पहिल्या काही तासांत गाठ स्वतःच वाढू शकते. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पहिल्या तीन तासांत स्कॅन झालेल्या रुग्णांपैकी किमान ३८ टक्के रुग्णांत गाठ २४ तासांच्या आत लक्षणीय वाढल्याचे आढळले. म्हणजे रुग्ण वाहनात असताना, नोंदणीच्या खिडकीसमोर थांबलेला असताना, आत रक्त वाहतच असू शकते.

त्याच तासांत पहारेकरी जागे होतात. रक्त गोठविणारा थ्रॉम्बिन हा पदार्थ गळती थांबविण्यास आवश्यक असतो, परंतु मेंदूच्या पेशींमध्ये उतरला की तोच मायक्रोग्लियाला डिवचतो. डिवचलेल्या पेशी आपल्या फांद्या आखडून घेतात, जाड होतात आणि दाह निर्माण करणारी रसायने सोडतात. त्या रसायनांमुळे रक्त आणि मेंदू यांच्यामधील संरक्षक भिंत सैल पडते, पाणी झिरपू लागते आणि रक्तातील न्यूट्रोफिल जातीच्या पांढऱ्या पेशी मदतीला आत शिरतात. मदत येते, तशी सूजही येते. कवटी हाडाची, तिच्या आत सूज सामावण्यास फारशी जागा नसते.

पुढील दिवसांत दुसरी अडचण सुरू होते. गाठीतील तांबड्या पेशी हळूहळू फुटू लागतात. त्यांतील हिमोग्लोबिन बाहेर पडते, त्याचे विघटन होऊन हीम आणि अखेरीस लोह मोकळे होते. जे लोह रक्तात असता प्राणवायू वाहून नेते, तेच मेंदूच्या पेशींमध्ये मोकळे सुटले की विषासारखे वागते. हीममुळे मायक्रोग्लिया पुन्हा चेतविल्या जातात. म्हणून गळती पहिल्याच दिवशी थांबलेली असली तरी सूज पहिले दोन-तीन दिवस झपाट्याने आणि त्यानंतर मंद गतीने, काही रुग्णांत दुसऱ्या आठवड्यापर्यंत वाढत राहते.

त्या भगिनीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे आहे. रक्त थांबले होते, हे खरे. सांडलेले रक्त आत होते आणि त्याची वासलात लावण्याचे काम चालू होते, हेही तितकेच खरे. चौथ्या दिवशी डोळे उघडणे ही आनंदाची गोष्ट होती. धोका टळल्याची ती पावती नव्हती.

उरलेले अर्धे अधिक आशादायक आहे. ज्या पेशी आरंभी दाह वाढवितात, त्याच पुढे सफाईस लागतात. त्या आणि रक्तातून आलेल्या त्यांच्या भाऊबंद पेशी मृत तांबड्या पेशी गिळतात, हिमोग्लोबिन उचलतात आणि लोह फेरिटिन या प्रथिनात बंदिस्त करून ठेवतात. दाह शमविणारी आणि पेशींच्या वाढीस पोषक अशी द्रव्येही त्या सोडतात. रक्ताची गाठ आठवड्यांमागून आठवडे आकसत जाते ती यांच्यामुळेच. जुन्या रक्तस्रावाच्या जागी लोहाचा अंश वर्षानुवर्षे उरतो आणि एमआरआयमध्ये तो काळ्या डागासारखा दिसतो. काही काळ शास्त्रज्ञ या पेशींची ‘घातक’ आणि ‘हितकारक’ अशी दोन गटांत वाटणी करीत असत. ही वाटणी फार ढोबळ असल्याचे आता मानले जाते. एकच पेशी वेळ आणि परिस्थिती पाहून निरनिराळी कामे करते, आणि एकाच वेळी मेंदूच्या निरनिराळ्या भागांत निरनिराळी कामे चालू असतात.

साहजिकच कोणी विचारील, या पेशींना औषधाने शांत का करू नये? तसे प्रयत्न झाले आहेत. उंदरांमध्ये मायक्रोग्लिया औषधाने नाहीशा केल्यावर रक्तस्रावानंतरची सूज कमी झाल्याचे २०१७ साली दाखविण्यात आले. परंतु माणसांचा अनुभव सावधगिरी शिकविणारा आहे. थायलंडमधील डॉक्टरांनी मेंदूत रक्तस्राव झालेल्या ९३ रुग्णांवर डेक्सामेथासोन या दाह कमी करणाऱ्या स्टेरॉइडचा प्रयोग करून १९८७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. मृत्यू कमी झाले नाहीत. जंतुसंसर्ग आणि मधुमेहाची गुंतागुंत मात्र वाढली, आणि प्रयोग मुदतीपूर्वी थांबवावा लागला. मोकळे लोह बांधून ठेवणाऱ्या डिफेरॉक्सामिन या औषधाची चाचणीही झाली. २०१९ साली जाहीर झालेल्या निष्कर्षांत तीन महिन्यांनंतर अपेक्षित लाभ सिद्ध झाला नाही. “सूज उतरविणारे ते इंजेक्शन द्या ना,” असा आग्रह नातेवाईक धरतात आणि आमचे डॉक्टर नकार देतात, तेव्हा त्यामागे हा इतिहास असतो.

मग आपल्यासारख्या रुग्णालयाच्या हाती काय उरते? पहारेकऱ्यांवर आपला हुकूम चालत नाही. त्यांच्यापुढे येऊन पडणारे काम कमी करणे आपल्या हाती आहे. जितके रक्त कमी सांडेल तितका गाळ कमी.

या दृष्टीने २०२३ साली प्रसिद्ध झालेली एक मोठी चाचणी आम्हांला महत्त्वाची वाटते. भारतासह १० देशांतील १२१ रुग्णालयांत ७,००० हून अधिक रुग्णांवर ती झाली. नवे औषध त्यात नव्हते. वरचा रक्तदाब उपचार सुरू झाल्यापासून तासाभरात १४० च्या खाली आणण्याचा प्रयत्न करणे, रक्तातील साखर आणि ताप आटोक्यात ठेवणे, आणि रुग्ण रक्त पातळ करणारे औषध घेत असल्यास त्याचा परिणाम उलटविणे, अशी चार साधी कामे एकत्र आणि वेळेत करावयाची होती. ज्या रुग्णालयांनी ती केली, तेथील रुग्ण सहा महिन्यांनंतर तुलनेने बऱ्या स्थितीत आढळले. या चार कामांना लागते ते रक्तदाबाचे यंत्र, साखर तपासण्याची पट्टी, तापमापक, नेहमीची औषधे आणि घड्याळाकडे पाहणारा माणूस. हिशेबाच्या वहीत यातील कोणतीही रक्कम आम्हांला जड वाटलेली नाही.

ही चर्चा आपल्या भागासाठी किती निकडीची आहे, हे शेजारच्या गडचिरोली जिल्ह्याने दाखवून दिले आहे. ‘सर्च’ संस्थेतील डॉ. योगेश्वर काळकोंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील ८६ गावांतील मृत्यूंची कारणे नोंदवून २०१५ साली अभ्यास प्रसिद्ध केला. एकूण मृत्यूंपैकी १४.३ टक्के मृत्यू पक्षाघाताने झाले होते आणि मृत्यूच्या कारणांत त्याचा क्रमांक पहिला होता. त्यांतील बहुसंख्य मृत्यू घरीच झाले. शोधग्रामच्या गावांत आणि देवरी-सालेकसाच्या गावांत फार अंतर आहे, असे आम्हांस वाटत नाही.

सर्वांत स्वस्त उपाय अर्थातच पाळ फुटू न देणे हा आहे. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने वारले. त्या दिवशी त्यांचा रक्तदाब ३०० / १९० नोंदविला गेला होता. जगातील बलाढ्य राष्ट्राच्या प्रमुखासाठीही तेव्हा रक्तदाबाचे खात्रीचे औषध नव्हते. त्यानंतर चारच वर्षांनी, १९४९ साली, मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीचा रक्तदाबावरील उपयोग ब्रिटिश नियतकालिकात मांडला आणि जगाचे लक्ष तिकडे वेधले. आज त्याहून सौम्य आणि सुरक्षित गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळतात. २०१७ साली सुरू झालेल्या उच्च रक्तदाब नियंत्रणाच्या राष्ट्रीय उपक्रमात आरंभीच्या जिल्ह्यांमध्ये आपला मातृजिल्हा भंडारा होता. रूझवेल्ट यांना जे मिळाले नाही ते आपल्या गावच्या शेतकऱ्यास मिळू शकते. त्याने रक्तदाब मोजून घ्यावा आणि बरे वाटू लागले म्हणून गोळी सोडू नये, एवढेच मागणे आहे.

आता प्रशासनाच्या बाजूने एक गोष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक अन्वये आणि उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखावयाच्या असतात, आणि बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावयाची असते. आपले रुग्णालय ती रक्कम नियमाने जमा करते. लेखापरीक्षणात कधी आक्षेप आला नाही. त्या शेतकऱ्याला घरी नेले त्या दिवशी या निधीत शिल्लक होती. नातेवाइकांनी मागितली नाही, कारण त्यांना ठाऊक नव्हते. आम्ही सांगितली नाही, कारण कोणी विचारले नाही. हिशेब बिनचूक होता आणि माणूस घरी गेला. निधीच्या शिल्लक रकमेकडे पाहून आम्हांला पूर्वी समाधान वाटत असे. आता तसे वाटत नाही.

म्हणून विश्वस्त मंडळापुढे आम्ही नम्रपणे तीन प्रस्ताव ठेवीत आहोत.

पहिला, लकव्याचा संशय असलेल्या रुग्णाची नोंदणी आणि अनामत रक्कम नंतर. रक्तदाब, साखर आणि स्कॅन आधी. रुग्ण दारात आल्याची आणि रक्तदाब आटोक्यात आल्याची वेळ एकाच कागदावर लिहिली जावी, आणि तो कागद दरमहा वैद्यकीय अधीक्षकांसमवेत आम्हीही पाहावा.

दुसरा, मेंदूत रक्तस्राव झालेल्या कोणत्याही रुग्णास केवळ बिलामुळे पहिल्या चौदा दिवसांत घरी जावे लागू नये. नातेवाईक रुग्णास नेण्याचा अर्ज मागतील त्या वेळी डॉक्टरांनी सूज आणि दिवस यांचा हिशेब त्यांना त्यांच्या बोलीत सांगावा आणि आमच्या कार्यालयाने निर्धन रुग्ण निधीची माहिती आपण होऊन द्यावी. ही दोन्ही कामे झाल्याशिवाय आम्ही त्या अर्जावर सही करणार नाही. त्यानंतरही ज्यांना जाणे भागच असेल, त्यांच्यासोबत मराठीत छापलेला एक कागद द्यावा : वाढती गुंगी, वाढती डोकेदुखी, ओकाऱ्या, झटके, ताप किंवा नव्याने आलेला अशक्तपणा, यांपैकी काहीही दिसताच तत्काळ परत आणावे. गावच्या आशाताईंनाही त्याची प्रत मिळावी.

तिसरा, व्यायामोपचार विभागाने अशा रुग्णांना किमान सहा महिने सवलतीत सेवा द्यावी. मेंदूतील सफाई आठवडेच्या आठवडे चालते आणि हातापायांतील सुधारणा त्याहूनही पुढे चालू राहते. महिनाभरात फरक पडला नाही म्हणून खाटेवर सोडून दिलेला माणूस पुष्कळदा सुधारू शकला असता.

ग्रामस्थहो, आपणांसही एक विनंती आहे. तोंड वाकडे झाले, हात उचलला जात नाही, बोलणे अडखळते असे दिसताच तेल चोळण्यात वेळ घालवू नका. तोंडाने पाणी किंवा खाणे देऊ नका. अ‍ॅस्पिरीनची गोळी घरी देऊ नका, कारण आत रक्तस्राव असल्यास ती घातक ठरू शकते. २०१४ पासून सुरू असलेल्या १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेस बोलवा आणि लक्षणे किती वाजता सुरू झाली, ते लक्षात ठेवा.

त्या भगिनींना आम्ही पुन्हा भेटलो. गावी जाऊन, त्यांच्या ओसरीवर बसून, तलावाच्या फुटलेल्या पाळीचा दाखला देऊन, आज येथे जे सांगितले ते त्यांना सांगितले. आपल्या यजमानांना आणखी दहा दिवस येथे ठेवले असते तर ते वाचले असते का, असे त्यांनी विचारले. वाचलेच असते असे म्हणता येत नाही, पण सूज वाढताना डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर असते, हे आम्ही खरे ते सांगितले. त्या काही वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “हे तवाच सांगायला पायजे होतं.”

त्यांचे म्हणणे बरोबर होते. पुढच्या वेळी ते तेव्हाच सांगितले जावे, एवढ्यासाठी हे भाषण. विश्वस्त मंडळ या प्रस्तावांचा सहानुभूतीने विचार करील, अशी आशा व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतो.